मोसंबीएवढा वायफाय सोनार: हतनूरला तपासला, देवबागला वापरला

मी भुसावळचा, समुद्र आमच्यापासून लांबच. पण मावसभाऊ मालवणला असतो, त्याच्याकडे पाच मीटरची शिडाची होडी आहे आणि दर डिसेंबरात आम्ही दोघं देवबागहून कर्ली नदीच्या मुखातून बाहेर पडतो. तिथली वाळू एका जागी राहतच नाही, पावसाळा झाला की मागच्या वर्षीची वाट बुजलेली आणि नवीन वाट भलतीकडेच. डेहराडूनच्या नॅशनल हायड्रोग्राफिक ऑफिसचे नकाशे चांगलेच असतात, पण ते जहाजांसाठी, असल्या छोट्या मुखातली वाळू दर वर्षी आपली आपणच मोजावी लागते. होडीचा बोर्ड, म्हणजे तळातून खाली सोडायची फळी, खाली सोडला की एक मीटर पाणी लागतं, त्यामुळे वीस सेंटीमीटर इकडे का तिकडे याला आमच्यासाठी खूप किंमत आहे.

म्हणून हा सोनार, म्हणजे आवाज सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून पाण्याची खोली मोजणारा तरंगता चेंडू, घेतला, साडेआठ हजाराला पडला. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हाच चेंडू चार-पाच वेगवेगळ्या नावांनी ऑनलाइन मिळतो. पाणी लागलं की आपोआप चालू होतो, फोनला वायफायने जोडायचा, खोली स्क्रीनवर येते. ओल्या पिशवीत ठेवला तर तिथेही चालूच राहतो आणि बॅटरी संपवतो, म्हणून पुसून ठेवा. आणि मोबाइल डेटा बंद करा, नाहीतर या वायफायला इंटरनेट नाही म्हणून फोन मध्येच ते सोडून देतो आणि तेवढी रेघ, म्हणजे होडी सरळ नेत घेतलेली मोजणी, वाया जाते.

समुद्रावर न्यायच्या आधी मार्चमध्ये हतनूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये तपासला, चांगदेवजवळ, तापी-पूर्णेच्या संगमाच्या भागात. ओळखीचे एक काका तिथे मासेमारी करतात, त्यांच्या होडीतून गेलो, दरवाज्यांच्या बाजूला अजिबात गेलो नाही. सोबत खुणा केलेला बांबू आणि एक किलोचं वजन बांधलेली नायलॉनची दोरी, दर 25 सेंटीमीटरला गाठ. नायलॉन भिजल्यावर ताणतो म्हणून रात्रभर भिजवून मग गाठी मारल्या, हे करा, कोरड्या दोरीवर मारलेल्या गाठी पाण्यात चुकतात.

कडक तळावर दोन ते आठ मीटरपर्यंत दोरी आणि चेंडूत फार तर दहा सेंटीमीटरचा फरक आला, या किमतीत मला हे खूपच चांगलं वाटलं. गाळावर मात्र चेंडूने 1.9 दाखवलं आणि काकांनी बांबू टाकला तर तो 2.4 पर्यंत गेला. यात मशीनची चूक नाही, आवाज मऊ गाळाच्या वरच्या थरावरूनच परत येतो. पाणवनस्पती दाट असली की तो तिच्या शेंड्यालाच तळ समजतो, 2.1 च्या जागी 0.8. हे दोन्ही एकवेळ चालतं, कारण चूक उथळ बाजूला आहे. खरा धोका साठ सेंटीमीटरपेक्षा कमी पाण्यात आहे, तिथे आवाज तळावरून वर येतो, पृष्ठभागावर आपटून परत खाली जातो आणि चेंडू तो दुसरा प्रतिध्वनी धरतो, म्हणजे अर्धा मीटर पाणी असेल तर एक मीटर दाखवतो! उथळात आकडा एकदम वाढला तर अजिबात विश्वास ठेवू नका, बांबू टाका.

याचा बीम, म्हणजे आवाजाचा झोत, 20 अंशाचा आहे, म्हणजे पाच मीटर खोलीवर तळाचा पावणेदोन मीटरचा गोल तो एकदम बघतो आणि त्यातला सर्वात जवळचा बिंदू खोली म्हणून सांगतो. बॅकवॉटरखाली बुडालेल्या तापीच्या जुन्या काठावर हे स्पष्ट दिसलं, दरड जवळ आली की आकडा आधीच कमी व्हायला लागतो. अरुंद वाट असेल तर ती खरी आहे त्यापेक्षा कमी खोल वाटेल.

आता जागेचं. चेंडूत जीपीएस नाही, फोनचं वापरतो, आणि आम्ही तो सहा मीटर दोरीने मागे ओढत होतो, त्यामुळे जाताना आणि येतानाच्या रेघा जुळेचनात, नकाशावर काठ करवतीसारखा झाला. नंतर तो होडीच्या कडेला बांबूला बांधला आणि फोन बरोब्बर त्याच्या वर ठेवला, तेव्हा जुळल्या. उन्हाने फोन दोनदा तापून बंद पडला, ओला रुमाल टाकून काम चालवलं.

डिसेंबरात देवबागला वेगळाच विषय निघाला. मशीन आवाजाचा वेग बहुतेक सेकंदाला 1500 मीटर धरून चालतं, मार्चमधल्या आपल्या गोड्या पाण्याला तो जवळपास बरोबर बसतो, पण 28 अंशाच्या खाऱ्या समुद्रात तो 1540 च्या आसपास असतो. म्हणजे चार मीटरला दहा-अकरा सेंटीमीटर कमी दाखवणार, आणि दोरीने नेमकं तेच दाखवलं. ॲपमध्ये गोडं की खारं हे निवडायची सोय असती तर किती बरं झालं असतं.

आणि भरती-ओहोटी! हतनूरला एका दिवसात पातळी फार हलत नाही, तारीख आणि धरणाची पातळी लिहून ठेवली की झालं. तिकडे देवबागला उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, दोन मीटरच्या आसपास फरक असतो आणि पाणी सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही, बारा भाग धरले तर तासागणिक साधारण एक, दोन, तीन, तीन, दोन, एक असे चढतात. तिसऱ्या-चौथ्या तासात प्रत्येकी अर्धा मीटर! म्हणजे तुम्ही एक तास मोजत बसलात तर पहिली आणि शेवटची रेघ एकमेकींशी भांडणारच. आम्ही अष्टमीच्या भांगाला, म्हणजे छोट्या भरतीच्या दिवसांत, गेलो, तेव्हा पाणी कमी हलतं, आणि धक्क्याला सेंटीमीटरच्या खुणा केलेला बांबू बांधून भाच्याला दर दहा मिनिटांनी वाचायला बसवलं. भरतीच्या तक्त्यातला आकडा अंदाज असतो, वारा आणि हवेच्या दाबाने खरं पाणी त्याच्यापेक्षा वरखाली होतं. नंतर प्रत्येक खोलीतून त्या वेळचं चढलेलं पाणी वजा केलं आणि चेंडूचा चार सेंटीमीटर बुडालेला भाग मिळवला.

ॲप रंगीत नकाशा काढून देतं, दिसतो छान, पण दोन रेघांमधलं सगळं ते मनानेच भरतं. आमच्या दोन रेघांमध्ये 40 मीटर अंतर होतं, तिथे त्याने गुळगुळीत उतार दाखवला आणि प्रत्यक्षात मध्ये वाळूचा दांडा निघाला, दोरीला दीड मीटर. दुसऱ्या दिवशी वाटेच्या आडव्या, पंधरा-पंधरा मीटरवर रेघा मारल्या, डेटा सीएसव्हीत, म्हणजे आकड्यांच्या साध्या तक्त्याच्या फाइलीत, काढला आणि क्यूजीआयएसमध्ये, जे नकाशे करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, स्वतः नकाशा केला. सीएसव्हीत वेळ फक्त मिनिटांपर्यंतच येते, सेकंद नाहीत, ही माझी मोठी तक्रार. दुसरी तक्रार, पहिला चेंडू चार्जिंगच्या झाकणातून पाणी घेऊन मेला, विक्रेत्याने बदलून दिला पण तीन आठवडे लावले आणि फोन एकदाही उचलला नाही.

तलावात मासे बघायचे असतील तर डोळे झाकून घ्या. वाट मोजायची असेल तर बांबू, दोरी आणि पाणी वाचणारा माणूस सोबत असेल तरच घ्या. मला पाचपैकी साडेतीन.

गेल्या डिसेंबरात मुखाच्या दक्षिण बाजूला सर्वात खालच्या ओहोटीलाही 2.1 मीटर पाणी राहील अशी वाट सापडली होती. या डिसेंबरात त्याच रेघा परत मारणार आहे, सेम बांबू, सेम दोरी, आणि शक्य झालं तर भांगाच्याच दिवशी.