इंग्रजी-फ्रेंच कोश आणि ‘ऑफ’चे शेपूट

तीन वर्षांपूर्वी जुन्या पुस्तकांच्या दुकानातून मी एक जाडजूड इंग्रजी-फ्रेंच कोश ९०० रुपयांना घेतला. बांधणीचा कणा सुटलेला होता, पण आतली पाने शाबूत होती. पंप आणि कॉम्प्रेसर यांच्या माहितीपुस्तिका इंग्रजीतून फ्रेंचमध्ये करणे हा माझा व्यवसाय आहे. सेनेगल किंवा आयव्हरी कोस्ट अशा देशांत यंत्र पाठवायचे झाले की पुण्यातील कारखानदाराला ही पुस्तिका लागते. या कामात तांत्रिक संज्ञा फारसा त्रास देत नाहीत, कारण झडपेला किंवा पात्याला फ्रेंचमध्ये ठरलेला शब्द असतो. घाम काढतात ती ‘टर्न’, ‘पुट’, ‘टेक’ अशी बाळबोध क्रियापदे, मागे ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ यांचे शेपूट लागलेली. व्याकरणात त्यांना फ्रेजल व्हर्ब म्हणतात, आणि हा कोश मी केवळ त्या एका कसोटीवर तपासला आहे.

‘टर्न ऑफ’ची नोंद उत्तम आहे. दिवा असेल तर ‘एतँद्र’, नळ असेल तर ‘फेर्मे’, एखाद्याचे मन विटले असेल तर ‘देगुते’, असे कर्मानुसार वेगळे पर्याय दिले आहेत. ‘टर्न डाउन’खाली आवाजासाठी ‘बेसे’ आणि देकार नाकारण्यासाठी ‘रफ्यूझे’ आहे. (फ्रेंच उच्चार देवनागरीत बसवताना थोडी ओढाताण होते, ती वाचकांनी चालवून घ्यावी.) मराठी माणसाला यात नवल वाटू नये, कारण आपणही दिवा मालवतो आणि नळ बंद करतो, आवाज कमी करतो आणि स्थळ नाकारतो. कर्म क्रियापद आणि शेपूट यांच्या मध्ये घालता येते की नाही, हेही प्रत्येक नोंदीत खुणेने दाखवले आहे. अनुवादकापेक्षा इंग्रजी शिकणाऱ्या फ्रेंच माणसाला त्याचा उपयोग जास्त.

गतीच्या क्रियापदांकडे वळले की कोश अपुरा पडू लागतो. लुई ब्लेरियो यांनी २५ जुलै १९०९ रोजी इंग्लिश खाडी विमानातून पार केली, ही घटना इंग्रजी माणूस ‘फ्लू अक्रॉस’ अशी सांगेल: उडण्याची रीत क्रियापदात, आणि ओलांडण्याची क्रिया शेपटात. फ्रेंच माणूस हे उलटे करून ‘त्राव्हेर्सा ला मांश आँ नाव्हियों’ म्हणतो, म्हणजे ओलांडणे हे क्रियापद होते आणि विमान मागे जाऊन बसते. लेनर्ड टाल्मी या भाषाशास्त्रज्ञांनी भाषांमधला हा भेद सविस्तर मांडला आहे. पण ‘ब्लेरियोने विमानाने खाडी ओलांडली’ हे मराठी वाक्य पाहिले, तर फ्रेंच मांडणी आपल्या तोंडात आधीपासूनच असल्याचे लक्षात येते. नदी पोहून पार करणे, रस्ता धावत ओलांडणे, ही वाक्येही फ्रेंचमध्ये जवळजवळ जशीच्या तशी उतरतात. कोशात मात्र याविषयी ‘अक्रॉस’खाली दोन उदाहरणे आहेत आणि ‘स्विम’खाली एकही नाही.

त्यामुळे अडलेल्या ठिकाणी मी इंग्रजी वाक्य आधी मनात मराठी करून घेतो आणि मगच कोश उघडतो. ‘गो अप’ म्हणजे चढणे, फ्रेंच ‘मोंते’. ‘गो इन’ म्हणजे शिरणे, फ्रेंच ‘आँत्रे’. बसमधून ‘गेट ऑफ’ होणे म्हणजे उतरणे, फ्रेंच ‘देसाँद्र’. पंपाच्या पुस्तिकेत विहीर ‘ड्राय अप’ झाल्यास काय करावे याची सूचना हमखास असते. इंग्रजीला तिथे ‘अप’ जोडावे लागते. मराठीत विहीर आटते आणि फ्रेंचमध्ये तिला ‘तारीर’ हे एकच क्रियापद पुरते. मुलाला ‘ईट अप’ म्हणण्याऐवजी फ्रेंच आई ‘फिनी तो-नासिएत’ म्हणते, म्हणजे अगदी आपले ‘ताट संपव’.

कोशाचा खरा दोष ‘बॅक ऑफ’पाशी उघडा पडला. आमच्या एका शिकाऊ अनुवादिकेला नट अर्धा फेरा ‘बॅक ऑफ’ करण्याची सूचना फ्रेंचमध्ये आणायची होती. कोशात मागे सरणे या अर्थाचे ‘रक्युले’ आणि माघार घेण्याचे एक-दोन पर्याय, एवढेच होते. तिने ‘रक्युले’ घेतले आणि मसुद्यात यंत्रचालकाला अर्धा फेरा मागे सरकण्याचा आदेश मिळाला. तिथे सैल करण्याचे ‘देसेरे’ हवे होते. इतक्या जाड कोशात कारखान्यातला एवढा नेहमीचा अर्थ नसावा, हे मला अजूनही पटत नाही.

दुसरी उणीव भाषेच्या पातळीविषयी आहे. इंग्रजीत ‘पुट आउट’ घरगुती आणि ‘एक्स्टिंग्विश’ भारदस्त, अशी जोडी असते. फ्रेंचमध्ये आग स्वयंपाकघरातली असो वा सरकारी अहवालातली, ‘एतँद्र’ दोन्हीकडे चालते. ‘पुट अप विथ’साठी दिलेले ‘स्युपोर्ते’ नवशिक्यांना उगाच जड वाटते, पण ते आपल्या ‘खपवून घेणे’इतके रोजच्या वापरातले आहे. कोश शिवराळ आणि बोलीतले शब्द खुणेने वेगळे दाखवतो, पण हे कुठेच सांगत नाही, आणि मग शिकाऊ मंडळी सोपा शब्द सोडून अवघड शब्द शोधत बसतात.

मोबाइलवरचे फुकट अनुवाद अॅप याला पर्याय होऊ शकेल का, असे मला बरेच जण विचारतात. पूर्ण वाक्य दिले तर ते बहुतेक वेळा बरे काम करते. पण सुटे ‘टर्न ऑफ’ टाकले की दिव्याचे ‘एतँद्र’ आधी पुढे करते, आणि नळाचे काय ते आपल्याला ठाऊक असावे लागते. कोशातली नोंद ते अर्थ शेजारी-शेजारी दाखवते, म्हणून मी पैसे कोशावरच घालीन.

यंत्रांच्या पुस्तिकांसाठी असा कोश घेणाऱ्याने दुकानातच ‘बॅक’ आणि ‘अक्रॉस’ या दोन नोंदी उघडून पाहाव्यात. बाकीची पाने नंतर चाळली तरी चालतील. माझ्या प्रतीत ‘बॅक ऑफ’च्या शेजारी आता पेन्सिलने ‘देसेरे: नट, स्क्रू’ असे लिहिलेले आहे.