झाडावरच्या चांदण्या: मैदा-मीठ की सोड्याची उकड?

मुलांना घेऊन नाताळच्या झाडासाठी चांदण्या-घंटा घरी करायच्या ठरवल्या की प्रश्न येतो तो मिश्रणाचा. मैदा-मीठ घ्यावं की खायचा सोडा आणि कॉर्नफ्लॉवर? दोन्ही मी मुलांकडून करून घेतली आहेत, आणि दोन्हींच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे.

मैदा-मिठाचं प्रमाण सोपं आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि पाऊण ते एक वाटी पाणी, तेही थोडं थोडं. खडेमीठ नको, चांदणी खरखरीत होते. दहा मिनिटं मळायचं. गॅस लागत नाही, म्हणून तीन-चार वर्षांचं मूलही पहिल्यापासून हात घालू शकतं. तळव्याचा ठसा घ्यायला, हाताने जाड आकार वळायला हाच गोळा चांगला. ओटीजीत १०० अंशांवर अडीच-तीन तास, मध्ये एकदा उलटून. तापमान १२० च्या वर गेलं की चांदण्या फुगतात आणि तपकिरी होतात. मायक्रोवेव्हमध्ये बुडबुडे येतात. ओटीजी नसेल तर खिडकीच्या ग्रिलमधलं ऊन उरतं, पण दिवसा सुकलेलं रात्रीच्या दमट हवेत पुन्हा ओलावतं.

माझा निर्णय झाला तो मात्र पावसाळ्यामुळे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळू लागतं, आणि जून ते सप्टेंबर मुंबईत ती बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. माळ्यावरचा डबा पुढच्या डिसेंबरात उघडावा तर चांदण्या चिकट, टोकं मऊ, रंगाचे पापुद्रे गुंडाळलेल्या कागदाला लागलेले. मुलाने स्वतःचं नाव कोरलेली चांदणी अशी हातात आली की फार वाईट वाटतं. वॉर्निशचे दोन हात दोन्ही बाजूंना, कडांना आणि दोऱ्याच्या छिद्राच्या आतही बसले तर ती टिकते, असं म्हणता येईल. पण छिद्राची आतली बाजू हटकून राहते आणि ओल तिथूनच शिरते. आतून पुरतं वाळण्याआधी वॉर्निश मारलं तर ओल कोंडते आणि रंगाला फोड येतात.

सोड्याचं काम उकडीच्या मोदकांच्या उकडीसारखं. एक वाटी खायचा सोडा, अर्धी वाटी कॉर्नफ्लॉवर, पाऊण वाटी पाणी. गुठळ्या मोडून मग मध्यम आचेवर सतत ढवळायचं. मिश्रण घट्ट होऊन पातेल्याच्या कडा सोडू लागलं की लगेच उतरवा. जास्त शिजलं की वाळताना तडे जातात. बेकिंग पावडर किंवा पिवळं मक्याचं पीठ इथे चालत नाही. हा भाग मोठ्यांनीच करायचा. गोळा ओल्या पंचाखाली कोमट होऊ द्या आणि मग मुलांकडे सोपवा. लाटताना दोन्ही बाजूंना एकेक पेन्सिल ठेवली तर जाडी सगळीकडे सारखी येते. छिद्र स्ट्रॉने, कडेपासून एक सेंटीमीटर आत. पिंपळाच्या पानाची उलटी बाजू दाबली तर शिरा अन् शिरा उमटते, मैद्यात इतकं बारीक काम येत नाही.

या गोळ्यालाही खोडी आहेत. उघडा राहिला की वरून पापुद्रा धरतो, म्हणून लागेल तेवढाच काढायचा. पंख्याखाली वाळवला तर वरचा थर आधी आकसतो आणि कडा वळतात. पंखा बंद ठेवून, जाळीवर, दोन दिवस, सकाळ-संध्याकाळ उलटायचं. ओव्हनची घाई नको: तापल्यावर सोड्यातून वायू सुटतो आणि पृष्ठभाग फुगतो. टोकदार चांदणी पडली तर टोक तुटतं. घंटा आणि गोल चकत्या जास्त टिकतात.

पण सोडा मिठासारखं हवेतलं पाणी ओढत नाही, आणि मूळचा पांढराशुभ्र असल्याने नुसत्या लाल दोऱ्यावरही शोभतो. रंगवायचंच असेल तर अॅक्रिलिक घ्या, पोस्टर कलर दमट हाताला लागतो.

मुलं अगदी लहान असतील तर मैदा-मीठ जरूर करा, फक्त ते याच वर्षापुरतं धरा. पाच-सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी मी सोडाच घेईन. दोन्ही खायला मात्र देऊ नका. घरात कुत्रं असेल तर मैदा-मिठाच्या चांदण्या खालच्या फांद्यांवर टांगू नका: इतकं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.