फोर्ट की बीकेसी? छोट्या ऑफिसची जागा ठरवताना

दोन-चार माणसांचं ऑफिस, धंदा कागदपत्रांचा, आणि भाडं ओढूनताणून दोन्हीकडे बसतंय, अशी स्थिती असेल तर मुंबईत प्रश्न शेवटी फोर्ट-नरिमन पॉइंट की बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) यावर येऊन थांबतो. मी कर सल्लागार. आधी नोकरी बीकेसीत केली, पुढे तिथेच केबिन भाड्याने घेऊन स्वतःचं काम सुरू केलं, आता फोर्टात आहे. दर, कार्पेट एरिया, पार्किंग हे सगळं ब्रोकर तोंडपाठ म्हणून दाखवेल, त्यात मी पडत नाही.

दोन्ही भागांचा स्वभाव मात्र समजून घ्यायला हवा, आणि तो त्यांच्या आखणीत आहे. किल्ल्याच्या भिंती 1860च्या दशकात पाडल्या आणि मोकळ्या झालेल्या जागेत रस्ते, चौक, कचेऱ्या उभ्या राहिल्या. दादाभाई नौरोजी रोडवर चाला: इमारती वेगवेगळ्या धाटणीच्या, पण तळमजल्याच्या कमानी सलग. त्या काळच्या नियमानेच ते घडवून आणलं. नरिमन पॉइंट पुढचं, समुद्र हटवून केलेलं. 1965 साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि अभियंते शिरीष पटेल सांगत होते की दक्षिण टोकाला आणखी कचेऱ्या कोंबू नका, खाडीपलीकडे नवं शहर वसवा आणि सरकारी कारभारही तिकडे न्या. सरकारने सल्ला अर्धाच ऐकला. 1970 मध्ये नवी मुंबई वसवायला सिडको स्थापन झाली, पण मंत्रालय जागचं हललं नाही आणि नरिमन पॉइंटचे मनोरे त्याच दशकात चढत गेले.

मग दक्षिणेवरचा भार उतरवायला दुसरी जागा शोधली गेली. मिठी नदी, वाकोला नाला आणि माहीमची खाडी यांच्या आसपासची दलदल, सुमारे 370 हेक्टर. हेच बीकेसी. 1977 मध्ये तिथलं नियोजन एमएमआरडीएकडे, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे आलं. ब्लॉक पाडले, भराव घातला, मोठमोठे भूखंड 80 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. काम म्हणून पाहिलं तर हे मोठंच यश आहे. राष्ट्रीय शेअर बाजार (एनएसई), सेबी, हिरे बाजार, बँकांची मुख्यालयं, सगळे आले. नवी मुंबईत बेलापूरच्या सीबीडीला जे तितकंसं जमलं नाही, ते इथे जमलं. पण जो नकाशा काढतो तोच भूखंडांच्या पैशांवर मोठे प्रकल्प उभारतो, तेव्हा लक्ष भूखंडाकडे जातं. दोन भूखंडांमधल्या रस्त्यावर चालणाऱ्याकडे कमी जातं, असं आपलं माझं मत.

माझा निर्णय ज्या एका कटकटीने झाला ती हीच. माझे बरेचसे अशील मशीद बंदर, काळबादेवीकडचे व्यापारी, वयस्क माणसं. काखेत फाइल घेऊन वांद्र्याला उतरायचे, 310 नंबरची बस नाहीतर शेअर रिक्षा पकडायचे. ऑफिसची इमारत समोर दिसायची, पण हे गेट गाड्यांचं, पाहुण्यांचं मागच्या बाजूला. मागे म्हणजे अख्ख्या भूखंडाला वळसा, कुंपणाच्या कडेने, जुलैत छत्री सांभाळत. गेटवर नाव, फोटो, मोबाइल नंबर, मग ओटीपी. लॉबीत रेंज नाही, त्यामुळे ओटीपी येत नाही. फोन मलाच, की “साहेब, खाली या जरा.” मी खाली जायचो. वीस मिनिटांच्या सहीसाठी माणूस तासभर घालवायचा आणि वर येईपर्यंत वैतागलेला असायचा. त्यात एखाद्या कागदाची झेरॉक्स राहिली असेल तर झालंच. खाली कॉफी भारी मिळायची, झेरॉक्सवाला मिळायचा नाही.

फोर्टात तोच माणूस सीएसएमटीला उतरतो, सबवेतून बाहेर पडतो आणि कमानींखालून न भिजता बऱ्यापैकी जवळ येतो. (फेरीवाल्यांच्या मोबाइल कव्हरांमधून वाट काढावी लागते, ते आहेच.) स्टॅम्पपेपर, नोटरी, रबरी शिक्के, बाइंडिंग, सगळं खाली रस्त्यावर. काही विसरलं तर मुलगा चहा आणता आणता तेही करून येतो.

फोर्टात सगळं छान आहे असं अजिबात नाही. इमारत उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी सरकारी उपकर भरणारी जुनी), मालक आणि पागडीवाले भाडेकरू यांचं जुनं भांडण, त्यामुळे गळती वर्षानुवर्षं तशीच. लिफ्ट कधी चालू, कधी बंद. स्वच्छतागृह मजल्यावर सामायिक. नवीन मुलगी कामाला ठेवताना हे आधी सांगावं लागतं, आणि एक-दोघींनी त्यावरूनच नकार दिला. एसी, वायरिंग, आगीपासून सुरक्षितता यांत बीकेसी कैक पटींनी पुढे आहे. नरिमन पॉइंटच्या जुन्या मनोऱ्यांत मधला मार्ग सापडतो: छोटे गाळे, बरी लिफ्ट, चर्चगेट चालत. मला तिथे परवडेल असं काही मिळालं नाही.

तुमचा अशील कोण यावर बरंच अवलंबून आहे. बँका, फंड, परदेशी कंपन्या असतील तर बीकेसीचा पत्ता कामाला येतो, नाही म्हणू नये. प्राप्तिकराची कामं आता दोन्हीकडे विभागलेली आहेत, बीकेसीतही आणि महर्षी कर्वे रोडलाही. प्राप्तिकराचं अपील न्यायाधिकरण मात्र अजून दक्षिणेतच. पुढच्या दहा-पंधरा वर्षांचा विचार केला तर पारडं उत्तरेकडे झुकेल असंही दिसतं. वांद्रे पूर्वेला उच्च न्यायालयाच्या नव्या संकुलाची पायाभरणी 2024 मध्ये झाली, बुलेट ट्रेनचं स्टेशन बीकेसीतच होतंय. न्यायालय हललं की वकील हलतील, वकिलांमागे टायपिस्ट आणि नोटरी. तेव्हा कदाचित तिथेही झेरॉक्सवाला दिसेल.

मेट्रो 3 मुळे सगळं बदललं, असं हल्ली ऐकतो. ऑक्टोबर 2025 पासून ती कफ परेडपर्यंत धावते, बीकेसी ते सीएसएमटी गाडी न बदलता होतं, आणि हा खरंच मोठा दिलासा आहे. माझ्या हिशोबात मात्र त्याने फोर्टचंच जास्त भलं झालं. बीकेसीतल्या बँकेत काम असलं की मी मेट्रोने जाऊन येतो, आणि अशिलांनी कुठे यावं हा प्रश्नच उरत नाही. बीकेसी स्टेशनातून बाहेर आल्यावर तिथल्या ‘जी’ (G) ब्लॉकच्या दुसऱ्या टोकाला जायचं तर पुन्हा रिक्षा नाहीतर पायपीट, ती तशीच आहे.

बीकेसीच घ्यायचं ठरत असेल तर ब्रोकरच्या गाडीतून जागा बघू नका. पावसाळ्यातल्या एखाद्या कामाच्या दिवशी संध्याकाळी सहानंतर वांद्र्याहून किंवा कुर्ल्याहून स्वतः जा, पाहुण्यांच्या गेटातून आत शिरा, आणि शक्य असेल तर वडिलांना सोबत न्या.