एनर्जीप्लस आणि ओपनस्टुडिओ: सोलापूरच्या उन्हात आठ महिने

एका जुन्या बंगल्याच्या दुरुस्तीचं काम फेब्रुवारीत हाती आलं, तेव्हा ही दोन सॉफ्टवेअरं वापरायला घेतली. उष्णतेचा सगळा हिशोब एनर्जीप्लस करतं. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. घर स्केचअप या त्रिमितीय चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये काढायचं, भिंती-खिडक्यांची माहिती एनर्जीप्लसला ती पुरवणाऱ्या ओपनस्टुडिओत भरायची, की वर्षाच्या 8760 तासांपैकी प्रत्येक तासाला खोली किती तापते ते समोर येतं. सोलापूरची हवामानाची फाइलही मोफत आहे.

पहिल्याच फेरीत एप्रिलमधलं घर चक्क गार आलं. मला पटेना. दोन रात्री शोधल्यावर सापडलं: जमिनीचं तापमान मी भरलंच नव्हतं आणि न भरल्यास ते वर्षभर 18 अंश धरलं जातं. आपल्याकडची जमीन एवढी गार कुठून असणार? नवख्यांनी हा आकडा सगळ्यात आधी तपासावा. दुसरी चूक आतल्या भिंतींची. दोन खोल्यांची सामाईक भिंत एकमेकींशी जुळवून दिली नाही, तर ती बाहेरची समजली जाते आणि घरात नसलेलं ऊन आत येतं. खिडक्यांचं वेळापत्रकही आपलं आपण भरावं. इथे लोक दुपारी खिडक्या लावून घेतात आणि रात्री सताड उघडतात. ते भरल्यावरच निकाल घरासारखा दिसू लागला.

खरा उपयोग झाला तो पैसा कुठे घालायचा हे ठरवताना. घरमालक काकांना सगळ्या खिडक्यांना दुहेरी काच हवी होती. मॉडेलमध्ये एका वेळी एकच बदल करून पाहिला. दुहेरी काचेने वरच्या खोलीत जेमतेम फरक पडला, छताने मात्र चित्रच पालटलं. उघड्या स्लॅबचा यू-आकडा (छतातून उष्णता किती सहज आत येते याचं माप, जितका कमी तितका बरा) तीनच्या पुढे जातो. घरांच्या ऊर्जाबचतीसाठीच्या केंद्र सरकारच्या इको निवास संहितेची छतासाठीची मर्यादा 1.2 आहे. 50 मिलिमीटर एक्सपीएस (उष्णता अडवणारा फोम) आणि वर पांढरा चायना मोझॅक (फरशीच्या तुकड्यांचा थर) धरला, तर तो एकच्या बराच खाली येतो. काका आलेख पाहून म्हणाले, "मग काचा राहू दे, गच्चीचं बघ." पश्चिमेच्या खिडक्यांवर फक्त छज्जे वाढवले.

मे महिन्यात संध्याकाळी सातला त्या खोलीत स्टुलावर चढून छताला तळहात लावला. आदल्या वर्षी तिथे हात टेकवत नव्हता, आता आरामात टेकला. खोलीतलं तापमान मात्र मॉडेलपेक्षा अंश-दीड अंश जास्तच भरलं. फाइलमधलं हवामान सरासरी वर्षाचं असतं, यंदाच्या मे महिन्याचं नव्हे. म्हणून मी अंशांवर पैज लावत नाही. दोन पर्यायांतला सरस कोणता, एवढ्यासाठी मात्र या सॉफ्टवेअरवर निर्धास्त विसंबतो.

शिकायला महिना-दीड महिना जातो, मराठीत साहित्य मला सापडलं नाही. तरी लहान गावात घरं बांधणाऱ्या प्रत्येक इंजिनिअरने हे शिकावं असं मनापासून वाटतं. आता आजोळच्या माळवदाची मापं आणली आहेत: मातीच्या जाड भिंती, छतावर पांढऱ्या मातीचा थर. या दिवाळीच्या सुट्टीत ते मॉडेल पुरं करणार आहे.