स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि मापाचे चमचे: काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी आम्ही स्वयंपाकघरासाठी दोन वस्तू घेतल्या: ५ किलोपर्यंत वजन करणारा आणि १ ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल वजनकाटा, आणि मापाच्या चमच्यांचा स्टीलचा संच. निमित्त सासूबाईंच्या रक्तदाबाचे होते. डॉक्टरांनी मीठ आणि तेल बेताने घ्यायला सांगितले होते, परंतु चार माणसांचा स्वयंपाक एकाच भांड्यात होत असताना कुणाच्या वाट्याला किती येते, हे कळायला आमच्याकडे काहीच साधन नव्हते. आता उन्हाळा लागला आहे आणि दोन्ही वस्तू रोजच्या वापरात मुरल्या आहेत, म्हणून अशाच विचारात असलेल्या कुटुंबांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे.

अधिक उपयोगी ठरले ते चमचे, म्हणून आधी त्यांच्याविषयी. मापाचा छोटा चमचा ५ मिलिलिटरचा आणि मोठा १५ मिलिलिटरचा असतो. सपाट भरलेल्या छोट्या चमच्यात साधारण ५ ते ६ ग्रॅम मीठ मावते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढ माणसासाठी सांगितलेली दिवसभराची मर्यादा ५ ग्रॅमपेक्षा कमी आहे. म्हणजे आमटी, भाजी, कणीक, कोशिंबीर, लोणचे, पापड, दुपारची शेव आणि विकतच्या खाऱ्या बिस्किटांतले मीठ, हे सगळे मिळून एका माणसाला जेमतेम एक सपाट चमचा. मिसळणाच्या डब्यातला चमचा एकदा वजनकाट्यावर रिकामा करून पाहिल्यावर घरातल्या सर्वांना जे समजले, ते कितीही वाचून समजले नसते. साखरेचेही तसेच झाले. चहात पडणारा आपला चमचा सपाट नसतो, शिगेला भरलेला असतो, आणि सपाट चमच्यात ४ ग्रॅमच्या आसपास साखर असली तरी शीग लावलेल्या चमच्यात ती दीडपट सहज होते. दिवसाला तीन-चार कप चहा घेणाऱ्या माणसाला हा फरक छोटा नाही.

तरीही रोज प्रत्येक पदार्थ मोजावा, असे मी कुणालाही सुचवणार नाही. खरा उपयोग झाला तो महिन्याच्या हिशेबाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात २००० किलोकॅलरीच्या दिवसभराच्या आहारात तेल-तूप २७ ग्रॅमच्या आसपास धरलेले आहे. चार माणसांचे महिन्याचे ते सव्वातीन किलो होते. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम असते, हे ध्यानात घेतले, तर तूप-लोणी धरून महिन्याला साडेतीन लिटर हा आमच्या घराचा बेत ठरतो. पिशवी फोडली की तिच्यावर तारीख लिहायची आणि ती संपेल तेव्हा पुन्हा लिहायची, एवढेच काम उरते. मिठाचे गणितही असेच आहे: चौघांना दिवसाला जास्तीत जास्त २० ग्रॅम, म्हणजे एक किलोची पिशवी निदान पन्नास दिवस पुरायला हवी, आणि पापड-लोणचे, फरसाण विकत येत असेल तर त्याहून बरीच जास्त. आमची पिशवी सुरुवातीला महिनाही पुरत नसे. दिवसाच्या चढउतारांवरून जे कळत नव्हते, ते तारखांवरून स्वच्छ दिसू लागले, आणि कुणाला टोकण्याची वेळ आली नाही.

वजनकाट्याने एक गोष्ट मात्र अशी दाखवली की जिच्याकडे आमच्यापैकी कुणाचेच लक्ष नव्हते, आणि ती आपल्या मराठी स्वयंपाकाला विशेष लागू आहे. फोडणीचे तेल मोजून घालणारे आपण दाण्याचे कूट मुठीने घालतो. शेंगदाण्याच्या वजनात जवळजवळ अर्धा भाग तेलाचा असतो, आणि सुक्या खोबऱ्यात स्निग्धांश साठ टक्क्यांहून अधिक असतो. भरल्या वांग्यांना १०० ग्रॅम कूट लागले, तर फोडणी देण्याआधीच त्या भाजीत तीन मोठ्या चमच्यांहून जास्त तेल आलेले असते. यावरून कूट बंद करावे, असा अर्थ कुणी काढू नये. शेंगदाण्यांत चांगली प्रथिने आहेत, पोषण संस्थेच्या मार्गदर्शनातही दाण्यांना तेलापासून वेगळी जागा दिलेली आहे, आणि कुटाशिवाय भरली वांगी करण्यात काही अर्थ नाही. आम्ही एवढेच केले की ज्या भाजीत कूट किंवा खोबरे भरपूर, तिची फोडणी छोट्या चमच्यांवर आणली. कूट शिजताना स्वतःचे तेल सोडतेच, त्यामुळे वर तवंगही येतो आणि चवीत उणे पडत नाही. उलट साध्या पालेभाजीला किंवा बटाट्याच्या काचऱ्यांना तेलात कंजुषी केली तर पदार्थ नासतो. तिथे आम्ही हात आखडता घेतला नाही.

सासूबाईंचा या सगळ्याला प्रारंभी विरोध होता. ‘मीठ मोजून घालायला स्वयंपाक म्हणजे काय औषध आहे का गं?’ असे त्यांनी विचारले, आणि त्यांचे म्हणणे मला पूर्ण पटते. पन्नास वर्षे ज्या हाताने घर जेवले, त्या हाताला यंत्रापुढे उभे करणे योग्य नाही. म्हणून आम्ही पद्धत उलटी केली. त्या नेहमीप्रमाणे हातात मीठ घेत आणि भांड्यात टाकण्याआधी ते मी वाटीत वजन करून घेत असे; त्यांच्या चिमटीत आणि तळहातावर किती मावते, हे ठरून गेले. आश्चर्य असे की त्यांचा अंदाज दिवसेंदिवस एखाद्या ग्रॅमनेच हलत होता. हात अचूकच होता, फक्त तो मोठ्या कुटुंबाच्या, शेतात राबणाऱ्या माणसांच्या स्वयंपाकावर बसलेला होता. मग त्यांनी स्वतःच थोडे थोडे कमी करत नेले. जिभेला कमी खारटाची सवय व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून एकदम निम्म्यावर येण्यापेक्षा हा मार्ग बरा. आमसूल, लिंबू आणि ताजे दही यांचा आधार असला की आमटीतले कमी मीठ पुष्कळदा लक्षातही येत नाही. आता त्यांना काटा लागत नाही, आणि माझ्या मते या वस्तूचे यश त्यातच आहे.

काट्याच्या कामगिरीविषयी थोडे. तो कडक, सपाट ओट्यावरच नीट चालतो. कापडावर ठेवला की आकडा बदलतो. भांडे ठेवून ‘टेअर’चे बटण दाबले की आकडा शून्यावर येतो आणि पुढचा जिन्नस त्याच भांड्यात मोजता येतो. दोन-तीन ग्रॅमांच्या खाली मात्र त्याच्यावर विसंबू नये. मीठ चिमटी-चिमटीने सोडले, तर बारीक फरक काटा शून्यातच जिरवून टाकतो आणि आकडा हलत नाही. म्हणून मीठ वेगळ्या वाटीत घेऊन ती एकदम ठेवावी, किंवा सरळ चमचाच वापरावा. अचूकता तपासायला मापाच्या भांड्यातले १०० मिलिलिटर पाणी पुरते, त्याचे वजन १०० ग्रॅम भरले पाहिजे. तळणीत किती तेल मुरले, हे पाहायला कढई आधी आणि पूर्ण गार झाल्यावर तोलता येते, परंतु लोखंडी कढई आणि तेल मिळून ५ किलोंच्या वर जात नाही ना, हे आधी पाहावे. सेल संपत आले की आकडे भरकटतात.

सर्वांत महत्त्वाचा नियम आम्ही पहिल्याच आठवड्यात केला: मोजायचे ते भांड्यात जाताना, कुणाच्या पानात पडल्यावर नाही. घरात वाढत्या वयाचा मुलगा आहे. त्याने पोळीचे वजन करून मग ती खायची की नाही हे ठरवावे, अशी वेळ मला कधीही येऊ द्यायची नाही. वाढत्या मुलांच्या मनात अन्नाविषयी धास्ती बसली, तर ती तेलाच्या चार चमच्यांपेक्षा फार मोठे नुकसान करते. पाहुणे आले, गणपती बसले, दिवाळीचा फराळ झाला, तेव्हा काटा कपाटात राहिला. आपल्या जुन्या पान वाढण्याच्या रीतीत मीठ, लिंबू, चटणी आणि लोणचे डावीकडे जरा जरासे असते, भाजी उजवीकडे ऐसपैस असते. ती रीत पाळली तर पानात वेगळे मोजमाप करावे लागत नाही.

बाहेरच्या पदार्थांपुढे या दोन्ही वस्तू निरुपयोगी आहेत. तिथे पाकिटावरचा सोडियमचा आकडा वाचावा आणि त्याला अडीचने गुणावे, म्हणजे मीठ किती ते कळते: ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे १ ग्रॅम मीठ. सैंधव किंवा काळे मीठ घेतले म्हणून सोडियम टळत नाही. कमी सोडियमच्या मिठात पोटॅशियम क्लोराइड असते, आणि मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाची काही औषधे चालू असणाऱ्यांना ते घातक ठरू शकते, त्यामुळे डॉक्टरांना विचारल्याशिवाय आम्ही ते घरात आणलेले नाही.

खरेदी करायची तर आधी फक्त चमचे घ्या, तेही कडेने सपाट करता येतील असे, आणि महिनाभर पिशव्यांवर तारखा लिहा. काट्याची गरज आहे की नाही, हे त्यानंतर ठरवता येईल. आमच्याकडे पुढच्या महिन्यात कैऱ्या आल्या की काटा पुन्हा ओट्यावर येईल, कारण लोणच्याच्या बरणीत मीठ टिकण्यासाठी असते आणि तिथे ते कमी पडता कामा नये. यंदा सासूबाईंच्या प्रमाणाप्रमाणे कैरी, मीठ आणि मोहरीची डाळ तोलून ते प्रमाण वहीत लिहून ठेवायचे आहे.