पर्यावरणशास्त्राची पदवी : एका माजी विद्यार्थ्याचे परीक्षण

केवळ निसर्गाच्या आवडीपोटी पर्यावरणशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेणाऱ्याचा पहिल्या वर्षी बहुधा हिरमोड होतो, कारण जंगले आणि पक्षी दृष्टीस पडण्याआधी रसायनशास्त्र, जीवशास्त्र, भूशास्त्र आणि संख्याशास्त्र यांचे पायाभूत विषय पुढ्यात येतात. ही पदवी मुळात मोजमापाचे शिक्षण देते. ज्याला मोजण्याचा कंटाळा नाही, त्याने ती निःशंकपणे घ्यावी.

या अभ्यासक्रमाचा सर्वांत सकस भाग म्हणजे प्रात्यक्षिके. बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन करताना सूक्ष्मजीव किती ऑक्सिजन वापरतात, हे पाहण्यासाठी नमुना 20 अंश सेल्सिअस तापमानाला 5 दिवस अंधारात ठेवावा लागतो आणि विरघळलेला ऑक्सिजन आधी व नंतर मोजावा लागतो. त्यासाठी शिकवली जाणारी विंकलर पद्धत 1888 सालची आहे. बाटलीत हवेचा बुडबुडा राहून गेला तर आकडा बिघडतो. शेवटी थेंबाथेंबाने घातल्या जाणाऱ्या थायोसल्फेटच्या द्रावणाचा एखादा थेंब जास्त पडला तरी मोजणी कुठे थांबवायची हे दाखवणारा स्टार्चचा निळा रंग नेमका कुठे गेला, हे कळत नाही. ही कटकट सोसल्यावर प्रदूषणाचा कोणताही अहवाल वाचताना नमुना कुठून, केव्हा आणि किती खोलीवरून घेतला, हा प्रश्न आपोआप मनात येतो. माझ्या मते या पदवीची खरी कमाई हीच आहे.

सिद्धान्ताच्या तासांविषयी मात्र इतक्या ठामपणे बोलता येत नाही. शीतकपाटे आणि फवाऱ्यांत वापरल्या जाणाऱ्या क्लोरोफ्लुरोकार्बन या रसायनांमुळे ओझोनचा थर विरळ होईल, हे रसायनशास्त्रज्ञ मोलिना आणि रोलँड यांनी 1974 मध्ये मांडले. अंटार्क्टिकावरील घट 1985 मध्ये प्रसिद्ध झाली आणि 1987 मध्ये अशा रसायनांवर निर्बंध घालणारा मॉन्ट्रियल करार झाला. प्रयोगशाळेतील रसायनशास्त्रापासून आंतरराष्ट्रीय कायद्यापर्यंतचा हा प्रवास सलग शिकवला, तर विषयाचे सामर्थ्य लक्षात येते. परंतु पुष्कळदा ओझोन एका प्रश्नपत्रिकेत, करार दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत, आणि दोन्हीकडे पाठांतर, अशी स्थिती असते. पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाच्या पायऱ्या क्रमाने लिहिता येणाऱ्या, पण एकही प्रत्यक्ष अहवाल न वाचलेल्या विद्यार्थ्याला पूर्ण गुण मिळतात, याला काय म्हणावे?

दुसरी उणीव विस्तारातच आहे. तीन-चार वर्षांत इतके विषय हाताळायचे असल्याने रसायनशास्त्राचा पदवीधर रसायनात पुढे राहतो आणि वनस्पतिशास्त्राचा पदवीधर प्रजाती ओळखण्यात. म्हणून निम्मा अभ्यासक्रम सरण्याआधी एखादे साधन पक्के हाताशी घ्यावे : उपग्रह प्रतिमांचे विश्लेषण व जीआयएस (भौगोलिक माहिती प्रणाली), संख्याशास्त्रीय संगणन किंवा पाणी व मातीचे रासायनिक पृथक्करण. लँडसॅट उपग्रहांच्या प्रतिमा 2008 पासून विनामूल्य खुल्या असल्याने पहिल्या पर्यायाला खर्चाची सबब फारशी उरत नाही. सांडपाणी प्रक्रिया, तपासणी प्रयोगशाळा आणि सल्लागार संस्था येथे पदवीनंतर काम मिळू शकते. संशोधनाकडे वळायचे असल्यास मात्र पदव्युत्तर शिक्षण गृहीतच धरावे.

प्रवेश घेण्यापूर्वी माहितीपत्रकातील हिरव्या छायाचित्रांपेक्षा वेळापत्रक पाहावे. आठवड्यातून प्रात्यक्षिकाचे तास किती, स्पेक्ट्रोफोटोमीटर (द्रावणात किती प्रकाश शोषला जातो हे मोजणारे यंत्र) विद्यार्थी स्वतः हाताळतात की लांबून पाहतात, क्षेत्रभेटीत नोंदी घेतल्या जातात की केवळ सहल होते आणि अंतिम वर्षाचा प्रकल्प स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवर असतो की इतरांच्या मजकुरावर, हे प्रश्न शेवटच्या वर्षातील विद्यार्थ्यांना विचारावेत. विभागप्रमुखांच्या उत्तरापेक्षा त्यांचे उत्तर अधिक उपयोगी पडते.