सापेक्षतेचा प्रश्नसंग्रह: नवी आवृत्ती घेऊ नका, जुनी घ्या

नवी आवृत्ती आली, किंमत वाढली आणि म्यूऑनच्या (इलेक्ट्रॉनसारखा, पण जड आणि अल्पायुषी कण) प्रश्नाचं उत्तर अजूनही चुकीचंच! प्रकाशकाचं नाव घेत नाही, वापरणाऱ्यांना कळेलच.

प्रश्न साधा आहे. प्रकाशाच्या ०.९९५ पट वेगाचे म्यूऑन २ किमी खाली आले, तर किती टक्के उरतील? गॅमा, म्हणजे काळ किती पट ताणला जातो तो आकडा, १०. आपल्या घड्याळात ६.७ मायक्रोसेकंद, म्यूऑनच्या घड्याळात ०.६७. इथवर उत्तरसूची बरोबर आहे. पुढे ती २.२ मायक्रोसेकंद हे अर्धायुष्य (निम्मे कण उरायला लागणारा वेळ) धरते आणि ८१ टक्के सांगते. अहो, २.२ हे सरासरी आयुष्य आहे! अर्धायुष्य येतं १.५२. बरोबर उत्तर ७४ टक्के.

आणि हे नुसतं कागदावरचं नाही. फ्रिश आणि स्मिथ या भौतिकशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनवर तासाला साधारण ५६३ म्यूऑन मोजले आणि सुमारे १९०० मीटर खाली, समुद्रसपाटीला, ४१२. म्हणजे ७३ टक्के. हा प्रयोग १९६३ साली छापून आलाय, तरी सूची तपासावी असं कुणाला वाटलं नाही. जॅम या एम.एस्सी. प्रवेश परीक्षेत न्यूमेरिकल प्रश्नांना पर्याय नसतात. तिथे ८१ लिहिलं की गुण गेले. प्रकाशकाला मेल केला, साधी पोचही आली नाही.

पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत पैसे पाण्यात गेले असंच वाटत होतं. टाइम डायलेशनच्या (वेगात घड्याळ मंदावण्याच्या) प्रकरणात तेच ते प्रकाशाच्या ०.६ आणि ०.८ पट वेग, फक्त रॉकेटच्या जागी ट्रेन. पण टक्करींच्या प्रकरणाने मत बदललं. स्थिर प्रोटॉनवर प्रोटॉन आदळवून अँटिप्रोटॉन (प्रोटॉनचा प्रतिकण) मिळवायला किमान किती गतिज ऊर्जा लागेल, हा प्रश्न आधी लोरेन्ट्झ ट्रान्सफॉर्मेशनने (एका निरीक्षकाची मापं दुसऱ्याच्या मापांत बदलणारी सूत्रं) करायला लावलाय. पानभर घाम गाळायचा. लगेच पुढच्या उपप्रश्नात तेच गणित इन्व्हेरियंट मासने (सगळ्या निरीक्षकांना सारखंच दिसणारं वस्तुमान) चार ओळींत सुटतं: प्रोटॉनच्या स्थिर ऊर्जेच्या सहापट, ५.६ जीईव्ही (अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट). अमेरिकेतल्या बर्कलेचा बेव्हाट्रॉन हा कणत्वरक हाच आकडा डोळ्यांपुढे ठेवून बांधला आणि १९५५ मध्ये तिथे अँटिप्रोटॉन सापडला. इतकी सुंदर मांडणी मला क्लासच्या नोट्समध्येही मिळाली नाही. या एका प्रकरणासाठी पुस्तक जवळ हवंच.

फक्त नव्या प्रतीला पैसे घालू नका, आत काहीही बदललेलं नाही. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात जुनी प्रत बघा. म्यूऑनच्या प्रश्नांत सूचीतलं उत्तर दशांशात घेऊन त्याचा १.४४ वा घात काढा, म्हणजे ०.८१ चे ०.७४ होतात. पेन्सिलीने तिथेच दुरुस्त करून टाका.